ज्वारीच्या कोठीतला पितळी डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला नाक लावले तर अजूनही काताचा आणि लवंगेचा वास येईल. पण माझ्यात शेवटचे पान ठेवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मी पितळेचा पानाचा डबा आहे. दोन हातांच्या ओंजळीत मावेन एवढा. आत एक ताटली आहे, तिला चार खण आहेत. ताटली उचलली की खाली ओल्या फडक्यात पाने गुंडाळून ठेवायची जागा आहे. माझे झाकण एका बाजूने चेपले आहे आणि कडी सैल झाली आहे. असे डबे आता कोणी विकत घेत नाही. तरी मला माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण माझ्या खणांत जे ठेवले गेले ते पुष्कळ घरांत असते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जळगावच्या एका तांबटाने मला घडवले. मुक्ताईनगरच्या यात्रेत एका पालावर मी पाच-सहा भावंडांबरोबर चकाकत बसलो होतो. तिथे झुलाल आबांनी मला उचलले, झाकण तीनदा उघडून मिटून पाहिले आणि धोतराच्या सोग्याने पुसून पिशवीत टाकले. आबा रावेर तालुक्यातले, केळीचे शेतकरी. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी माणसे जमत. मी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे. कुणी सुपारी घेई, कुणी नुसती लवंग. "आबा, डबा मोठा नामी आहे तुमचा," असे कुणी म्हटले की आबा मिशीत हसत. इतके हात मला पुन्हा कधी लागले नाहीत.

आबा गेले. त्यांच्या मुलाला, भिकनला, पानाची सवय नव्हती. मला स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या फळीवर ठेवले गेले. मी हिरवा पडलो. माझ्या एका खणात कोळ्याने अंडी घातली. चार वर्षे मला कोणी उघडले नाही. खाली भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत, आबांच्या नातीचे पाढे ऐकू येत, आणि मी आपला वर बसून असे.

त्या नातीचे नाव ज्योत्स्ना. ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना ती उभ्या जागी कोसळली. हातपाय ताठ झाले, मग झटके येऊ लागले. कुणी तिच्या नाकाला चप्पल लावली. कुणी दात उघडावेत म्हणून तोंडात चमचा घातला, त्याने तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तिला घरी आणले तेव्हा ओठ सुजला होता आणि तिला काहीच आठवत नव्हते.

"आई, मले काय झालं होतं?" तिने विचारले.

आई सुनंदाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला, पण उत्तर दिले नाही. शेजारच्या बायका कुजबुजत होत्या. त्यांनीही दिले नाही. सगळ्यांनी जे पाहिले ते जिच्या अंगावर घडले तिलाच कोणी सांगेना.

आठ दिवसांनी पुन्हा तसेच झाले. मग भिकन तिला भुसावळला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि नीट समजावून सांगितले. याला फिट म्हणतात, मिरगी म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. यात कुणाची बाधा नसते आणि हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घ्यायची. काही वर्षे घ्यावी लागेल. फिट आली नाही म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

गोळ्यांची पाकिटे घरात इकडेतिकडे पडू लागली तेव्हा सुनंदाबाईला माझी आठवण झाली. तिने मला खाली काढले, चिंचेने खसाखसा घासले आणि उन्हात वाळवले. मग कात्रीने पाकिटातली एकेक गोळी कापून माझ्या खणांत भरली. उजवीकडे सकाळच्या, डावीकडे संध्याकाळच्या. मित्रांनो, त्या दिवशी मला किती बरे वाटले म्हणून सांगू! मी पुन्हा दिवसातून दोनदा उघडला जाणार होतो. मला आनंद कशाचा होत आहे, हे मला तेव्हा कळले नव्हते.

ज्योत्स्नाच्या फिट थांबल्या. एक महिना गेला, चार गेले, अकरा गेले. पण ती पूर्वीची राहिली नाही. वर्गात तिच्या बाकावर डिंपल नावाची मैत्रीण बसत असे. दोघी एकमेकींच्या डब्यातले खात. डिंपलच्या आईने तिला बाक बदलायला सांगितले. घरी तिची सायकल बंद झाली. विहिरीकडे जायचे नाही, गच्चीवर जायचे नाही, सहलीला जायचे नाही. गोळीने तिला वर्गात पेंग येई, आणि कुणीतरी तिचे नाव 'गोळीवाली' ठेवले. पेंगेचे डॉक्टरीणबाईंना सांगितले असते तर त्यांनी काही उपाय केला असता. पण ती सांगत नसे. संध्याकाळी ती मागच्या पडवीत मला मांडीवर घेऊन बसे. गोळी तोंडात टाकी आणि बराच वेळ माझ्या झाकणावर नखाने रेघा ओढत राही. तिथे दुसरे कोणी नसे.

त्या दिवाळीत भाऊबिजेला भिकनची मोठी बहीण कमलबाई आली. ज्योत्स्नाची ही आत्या धुळ्यापासून तासाभरावरच्या एका गावात दिलेली. तिकडे तीस वर्षे राहून तिची बोली पुरती अहिराणी झाली होती. आत्याचा ज्योत्स्नावर फार जीव. तिने येताना कागदाच्या चाळीस पुड्या आणल्या होत्या. तिच्याकडच्या एका औषधवाल्याने दिलेली ती झाडपाल्याची भुकटी. रोज पहाटे मधात एक पुडी घ्यायची. आंबट, दही आणि केळी वर्ज्य.

"केळीच्या घरात केळं वर्ज्य!" भिकन हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "अक्का, तुझं मन मोडत नाही. पुडी दे. पण गोळ्या बंद व्हायच्या नाहीत."

सुनंदाबाईने पुड्या माझ्या तिसऱ्या खणात ठेवल्या. आता माझ्यात दोन्ही औषधे होती.

दुसऱ्या दिवशी पडवीत आत्या ज्योत्स्नाची वेणी घालत होती. मी शेजारीच होतो. आत्याने आजूबाजूला पाहिले आणि हळूच म्हणाली, "गोया खात ऱ्हायनी ते पुडीना गुन येस नही, पोरी."

ज्योत्स्नाने मान वळवली. "म्हणजे गोळ्या सोडल्या तर मी बरी होईन?"

आत्या काही बोलली नाही. तिने वेणीची गाठ पक्की केली आणि उठून गेली.

चाळीस दिवस. मग गोळी नाही, पेंग नाही, सायकल आहे, डिंपल आहे. चौदा वर्षांच्या मुलीला हे किती जवळचे वाटले असेल, तुम्हीच विचार करा. दुसऱ्या सकाळपासून आई हातावर ठेवी ती गोळी ती तोंडात टाकी, पाणी पिई, आणि आई वळली की गालातली गोळी काढून माझ्यात परत टाकी. खणात नव्हे. ताटली उचलून, खाली, पानांच्या जागी. सुनंदाबाई ताटली कधी उचलत नसे.

सकाळी एक, संध्याकाळी एक. ओलसर गोळ्या माझ्या तळाशी साचू लागल्या. घरात ते फक्त मला ठाऊक होते. भिकन बायकोला विचारी, "गोळी दिली ना?" ती म्हणे, "दिली." दोघेही खरेच बोलत होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण तिने ज्या विश्वासाने माझ्यात ते लपवले, त्या विश्वासाने तिने दुसऱ्या कुणाकडे पाहिले असते तर ओरडायची गरजच पडली नसती.

पस्तिसाव्या दिवशी भिकनच्या बागेत केळीची कापणी होती. पुढचे मी पाहिले नाही, नंतर ऐकले. मजूर घड कापून आणत होते, फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्याच्या टाकीत धूत होते, आणि रस्त्यावर गाडी भरायला उभी होती. ज्योत्स्ना टाकीच्या काठावर बसून धुतलेल्या फण्या पुढे देत होती. कुणी पाहायच्या आत ती तोंडावर टाकीत पडली. रत्ना नावाच्या मजूर बाईला पाण्यावर नुसती वेणी दिसली. तिने वेणी धरूनच तिला बाहेर ओढले. झटके थांबले, आणि शुद्ध यायच्या आतच पुन्हा सुरू झाले. तिला घेऊन केळीची गाडी तशीच अर्धी भरलेली जळगावकडे निघाली. वाटेत तिसऱ्यांदा फिट आली.

ती वाचली, मित्रांनो. पण दोन दिवस तिने डोळे नीट उघडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी भिकनने मला घरून पिशवीत घालून दवाखान्यात आणले. कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरांना पाहायचे होते. इथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी माझ्या खणांतल्या गोळ्या पाहिल्या, पुड्या पाहिल्या.

"गोळ्या रोज दिल्या?"

"एक बी चुकली नाही मॅडम," सुनंदाबाई म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "मी सोताच्या हातानं देते. पुडी दिली, पण गोळी सोडली नाही."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "मग ही गोळी हिला पुरत नाही असं धरावं लागेल. डोस वाढवते, आणि सोबत दुसरी एक सुरू करू. ती जरा कडक आहे, लक्ष ठेवावं लागेल."

त्या लिहू लागल्या. खाटेवर पडलेली ज्योत्स्ना छताकडे पाहत होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते, बाकी कुणाला कळणे शक्यच नव्हते. गप्प राहिली असती तर आईला कधीच काही समजले नसते.

"मॅडम, लिहू नका," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावे लागले. ज्योत्स्ना उठून बसली. तिने आईच्या मांडीवरून मला घेतले. सलाईन लावलेल्या हाताने तिला ताटली निघेना. दोनदा निसटली. मग निघाली. खाली पांढऱ्या गोळ्यांचा ढीग होता. काही विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

सुनंदाबाई त्या ढिगाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्या हातावर ठेवत होते ना गं?" आणि बाहेर निघून गेली.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला. त्या ज्योत्स्नाजवळ बसल्या. "तू आत्ता बोलली नसतीस तर मी तुला नको असलेलं औषध दिलं असतं. बरं झालं सांगितलंस." मग त्यांनी विचारले, "बंद का केल्यास?" ज्योत्स्नाने पेंगेचे सांगितले, बाकाचे सांगितले, सायकलीचे सांगितले. तिला हे आजवर कुणी विचारलेच नव्हते. पुडीविषयी डॉक्टर एवढेच म्हणाल्या, "यात काय आहे ते मला नुसतं बघून सांगता येणार नाही. देवाला जायचं तर जा, घरचं काही घ्यायचं असेल तर मला दाखवून घे. पण गोळी अशी एकदम सोडली की फिट उलटून येतात. तुझ्या बाबतीत तेच झालं."

गोळीची वेळ बदलली, पेंग कमी झाली. फिट थांबल्या. पण घर पूर्वीसारखे झाले नाही. सुनंदाबाई आता गोळी हातावर ठेवत नसे. ती मला ज्योत्स्नासमोर ठेवी आणि पाठ फिरवी. पुष्कळ दिवस ती मुलीशी कामापुरतेच बोलली. आणि भिकनने बहिणीला फोन केला. मी फडताळात होतो, मला सगळे ऐकू आले. "तुझ्या पुडीपायी पोर गेली असती माझी," तो म्हणाला. भिकनने फोन ठेवला.

त्यानंतर दोन राख्या पोस्टाने आल्या. नुसत्या राख्या, चिठ्ठी नाही. भिकनने त्या बांधल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. ज्योत्स्ना मला काही सांगत नसे, पण माझ्याजवळ बसून एकदा पुटपुटली, "माझ्यामुळं."

दहावीची परीक्षा झाल्यावर तिने बापाजवळ हट्ट धरला की आत्याकडे जायचे आहे. भिकन आला नाही. त्याने तिला जळगावला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिले, एवढेच. मी तिच्या पिशवीत होतो.

आत्या तिला पाहून रडली, पण पुडीचा विषय दोघींनी काढला नाही. घर मोठे होते. आत्याचे यजमान प्रेमराज कमी बोलणारे, दिवसभर कपाशीच्या शेतात. एक मुलगा सुरतेला नोकरीला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात ओट्यावर होतो. आत्या भांडी लावत होती. हातातली थाळी खणकन पडली आणि मागोमाग आत्या.

तेच ताठ झालेले हात. तेच झटके.

ज्योत्स्ना धावत आली. क्षणभर ती दारातच थिजली, कारण तिने हे कधी पाहिलेच नव्हते. तिच्या अंगावर घडलेले ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगावर पाहत होती. मग तिने डॉक्टरांनी सांगितले होते तसे केले. जवळची भांडी दूर सारली. डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली. गळ्याशी पोत आवळली होती ती सैल केली. हात धरून दाबले नाहीत, तोंडात काही घातले नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. झटके ओसरताच तिने आत्याला कुशीवर वळवले, लाळ पुसली आणि जवळ बसून राहिली. सव्वादोन मिनिटे झाली होती.

बऱ्याच वेळाने आत्याने डोळे उघडले. काय झाले, असे तिने विचारले नाही.

"कोनी देखं का?" ती म्हणाली.

"मी होते."

"तूच? दुसरं कोनी?"

"नाही आत्या. कोणीच नाही."

आत्याने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळले. "माले बी येस, पोरी," ती म्हणाली. "लगीनना आधीपासून येस."

मग हळूहळू सगळे निघाले. आईबापांनी लपवून लग्न लावले. भिकन तेव्हा लहान, त्याला काही माहीत नव्हते. सासरी आल्यापासून फिट यायच्या आधी थोडी चाहूल लागे, जिभेवर कडवट चव येई, की ती उठून मागच्या खोलीत जाई आणि कडी लावी. या वेळी ती चाहूल लागलीच नव्हती. कोपराजवळचा भाजल्याचा डाग, कपाळावरची खोक, प्रत्येकासाठी तिने वेगळे कारण सांगितले होते. तीस वर्षे. औषधवाल्यालाही ती डोकेदुखीच सांगे.

"जी मी खास, तीच तुले दिन्ही," ती म्हणाली. "दुसरं माले काय म्हाईत व्हतं?"

ज्योत्स्नाला त्या दिवशी पडवीत आत्या गप्प का झाली होती ते आता कळले. पुडी खाऊन आत्या स्वतःच बरी झाली नव्हती. तिने आत्याचे डोके मांडीवर घेतले. ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी धुळ्याला गेल्या. घरी सांगितले, चष्म्याचा नंबर काढायचा आहे. दवाखान्यात बाकावर आत्या पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती, कुणी ओळखीचे दिसेल म्हणून. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून आहे?" आत्याने ज्योत्स्नाकडे पाहिले. ज्योत्स्ना बोलली नाही. मग आत्याच म्हणाली, "सतरा वरीसनी व्हतू, तवपासून." एका परक्या माणसासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. बोलल्यावर तिला धाप लागली.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हीही लक्षात ठेवा. ते म्हणाले, "पुडी आजच एकदम बंद करू नका, मला आणून दाखवा. काही भुकट्यांत झोपेची गोळी कुटून घातलेली असते. तसं असेल तर तीसुद्धा हळूहळूच सोडावी लागते." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

निघायच्या दिवशी ज्योत्स्नाने माझे खण रिकामे केले. तिने आपल्या गोळ्या साबणाच्या एका प्लास्टिकच्या डबीत भरल्या आणि मला आत्याच्या हातात दिले. "हा आबांचा आहे," ती म्हणाली. "आता तुझा."

ती बसमध्ये बसायला गेली आणि मी मागे राहिलो.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस सांगायला मला जड जाते. आत्याने मला मागच्या खोलीतल्या ज्वारीच्या कोठीत दाण्यांच्या आत खोल पुरले. तिथे उजेड नाही, आवाज येई तोही पुसट. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दाणे सरकत आणि एक हात मला चाचपत येई. एक गोळी घेई आणि पुन्हा वर दाणे लोटले जात. माझ्या फडताळातल्या चार वर्षांत निदान पाढे स्पष्ट ऐकू येत असत.

रोज संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन येई. प्रेमराज घरात असत म्हणून दोघींनी एक बोलणे ठरवले होते.

"आत्या, दिवा लावला का?"

"लाया वं माय."

गोळी घेतली, असा त्याचा अर्थ. फिट कमी झाल्या होत्या. महिन्याला तीन येत, त्या दोन महिन्यांत एकीवर आल्या. भिकनला ज्योत्स्नाने काय सांगितले ते मला माहीत नाही. पण त्या वर्षी राखीला तो स्वतः आला.

मग पुतण्याचे लग्न निघाले. घर पाहुण्यांनी भरले. मागच्या खोलीत बायका झोपू लागल्या, कोठीला टेकूनच त्यांची गाठोडी. तीन दिवस मला हात लागला नाही. माझे खण भरलेले होते आणि ज्या हातासाठी ते भरलेले होते तो भिंतीपलीकडे पाहुण्यांना चहा देत फिरत होता. मी दाण्यांत रुतून होतो. चौथ्या दिवशी पाहुणे गेले आणि आत्या मागच्या अंगणात पडली. धुण्याच्या दगडावर डोके आपटले. तिथे कोणी नव्हते. ती आपली आपण उठली, आपली आपण जखम धुतली.

त्या दिवशी तिने दाण्यांतून मला काढले, ते परत ठेवण्यासाठी नव्हे. तिने मला पदराने पुसले आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवले, चहासाखरेच्या डब्यांशेजारी. अगदी समोर. मग ती पाटावर बसून राहिली.

प्रेमराज चहाला आले. त्यांनी मला पाहिले. "हाई काय शे?"

आत्याने सांगितले. फार बोलली नाही. आजार सांगितला, गोळी सांगितली, दगड सांगितला, आणि लग्नाच्या आधीपासून आहे तेही सांगितले. प्रेमराजांनी मला उघडून पाहिले. त्यांचे बोट माझ्या खणाच्या कडेवर थांबले होते.

"तीस वरीस?" ते म्हणाले.

"तीस."

त्यांनी मला मिटून जागेवर ठेवले. चहा तसाच टाकून ते बाहेर गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. आत्याने भाकरी झाकून ठेवली. ती दारापर्यंत जाई आणि परत येई. फोन वाजला तरी तिने उचलला नाही. मी फळीवर होतो, उजेडात होतो, पण कोठीतसुद्धा मला इतके एकटे वाटले नव्हते. हे सांगणे चुकले का, असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी तिला काही सांगू शकत नव्हतो.

दिवेलागणीला अंगणात पाण्याचा आवाज आला. प्रेमराज पाय धूत होते. ते आत आले. त्यांनी आत्याच्या कपाळावरची पट्टी पाहिली. तिच्या समोर खाली बसले.

मित्रांनो, त्यांचा शब्द सांगण्याआधी माझे एक मागणे ऐका. मला चिंचेने घासले नाही तरी चालेल. मी काळा पडलो तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, घरात, शेजारी कुणाला फिट येत असेल तर त्याच्या नाकाला चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि जवळ बसा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्ध यायच्या आत पुन्हा सुरू झाले, तर लगेच दवाखान्यात न्या. त्याला जाग आल्यावर काय झाले ते सांगा. त्याचा बाक बदलू नका. आणि तुम्ही स्वतः गोळी घेत असाल तर मनाने सोडू नका. दुसरे काही खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. एखादी गोळी चुकलीच तर चुकली म्हणून सांगा. मी पितळेचा आहे, मला सांगून काही उपयोग नाही. माणसाला सांगा.

प्रेमराजांनी घसा साफ केला. मग जमिनीकडे पाहतच त्यांनी बायकोला विचारले,

"आजनी गोयी लिधी का?"